वीटभट्टीवरून आणलेली कुत्री क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) राहत नाही, रात्री बिबट्याचं टेन्शन आहे, कसं शिकवू?

धानवाली (ता. नागभीड, जि. चंद्रपूर)

नमस्कार सगळ्यांना. लांब लिहून राहिली पण पूर्ण वाचून सांगा.

आमच्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर एक कुत्री होती, सायकलच्या चेननं खुंट्याले बांधलेली. पावसाळ्याच्या तोंडावर भट्टी बंद झाली, मजूर आपापल्या गावी गेले अन् ही तिथंच राहिली. मी वावरात जाता-येता तिले भात टाकायची, मग नवऱ्यानं चेन कापून दिली तरी ती जागा सोडून जात नव्हती. दिवाळीनंतर धान घरी आलं तेव्हा तिलेही घरी आणलं. नाव मैना. दोन-अडीच वर्षांची असेल असं डॉक्टर म्हणाले, रेबीजचं इंजेक्शन दिलं आहे, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन बाकी आहे. मानेची जखम भरली, आता केस पण आले. पोट्ट्यांसोबत इतकी छान राहते की काय सांगू.

प्रॉब्लेम रात्रीचा आहे. आमचं गाव जंगलाले लागून. बिबट गावात येते हे काही नवं नाही, पण मागच्या महिन्यात शेजारच्या ओसरीवरून कुत्रं नेलं, सकाळी फक्त पट्टा भेटला. मैना ओसरीतच झोपते. दुसरं म्हणजे आता मोहफुलं पडायले लागली, मी अन् सासूबाई पहाटे वेचायले जातो तर ही मागं मागं जंगलात येते, चितळ दिसलं की धावत सुटते. तिच्या मागं लागून एखादं जनावर आमच्याच अंगावर आलं तर?

म्हणून नवऱ्यानं नागपूरवरून तारेचा घडीचा क्रेट आणला, 36 इंची. ओसरीत ठेवला. आत भात-अंडं ठेवलं तर मान लांब करून खाते, मागचे पाय बाहेरच. पण दार लावलं की अशी किंचाळते की अख्खी आळी जागी होते, तार चावते, लाळेनं छाती ओली होते, परवा हिरडीतून रक्त आलं म्हणून आम्ही दार उघडलं. मोबाईलवर पाहिलं तर कोणी म्हणते दोन-तीन रात्री ओरडू द्या, थकून गप होईल. सासूबाई म्हणतात आजवर एवढे कुत्रे पाळले, कोणाले पिंजरा लागला नाही, सोडून दे तिले.

मले तिले सोडायचं नाही अन् बिबट्याले पण द्यायचं नाही. कोणी रेस्क्यू कुत्र्याले क्रेटची सवय लावली असेल तर सांगा, लवकर सांगा.


पप्पू_वणी

ताई हिम्मत ठेवा. माझं लॅबचं पिल्लू पण पहिले खूप रडलं, आम्ही वरून चादर टाकली अन् लक्षच दिलं नाही, चार-पाच दिवसांत झोपायले लागलं. आता तोच स्वतः जाऊन बसते. दर वेळी तुम्ही दार उघडलं तर तिले समजते का ओरडलं की उघडतात.


गावचा_पशुवैद्य (भंडारा)

पप्पूभाऊ, तुमच्या पिल्लाच्या बाबतीत ते चाललं असेल, पण या कुत्रीला तो सल्ला देऊ नका. ताई, तुम्ही दार उघडलं ते एकदम बरोबर केलं.

मी सरकारी दवाखान्यात आहे, आमच्याकडं गुरं जास्त अन् कुत्रे कमी, तरी हा प्रकार मी बघितलेला आहे. नवीन जागी पिल्लू कुरकुरतं ते थोड्या वेळात बसतं. लाळेनं छाती भिजणं, ऊन नसताना धापा टाकणं, तार चावून हिरडी फोडणं, कधी कधी आतच लघवी होणं, हा हट्ट नसतो, ती घाबरून गेलेली असते. अशा कुत्र्याला रात्रभर कोंडलं तर ते काही शिकत नाही, दमून पडतं एवढंच, अन् दुसऱ्या दिवशी नुसता क्रेट दिसला तरी थरथरतं. तार चावून सुळे तुटलेले कुत्रे मी पाहिलेत, तारेत जबडा अडकलेलाही पाहिलाय. तिला एकदा दवाखान्यात न्या, दात तपासून घ्या. सुळा तुटून आतला लाल भाग उघडा पडला असेल तर ते फार दुखतं अन् तिथून पू होतो. घरी तिचं तोंड उघडायला जाऊ नका.

आता खरी गोष्ट. तुमचे प्रश्न दोन आहेत अन् तुम्ही ते एकाच क्रेटनं सोडवायला बघताय. बिबट्यापासून वाचवणं हे आज रात्रीचं काम आहे. क्रेटची सवय हे अशा कुत्रीसाठी काही आठवड्यांचं, कदाचित महिन्यांचं काम आहे. बिबट्याच्या घाईत क्रेट शिकवायला गेलात तर दोन्ही बिघडेल. म्हणून आजपासून मैना पक्क्या भिंतीच्या खोलीत, दार आतून लावून, अन् घरातलं कोणीतरी त्याच खोलीत झोपा.

अन् हे सगळ्यांनीच वाचा, आमच्या भागात बरेच जण असं करतात म्हणून लिहितोय: ओसरीवर ठेवलेला घडीचा क्रेट बिबट्याला थांबवत नाही. ती बारीक तार कुत्रं आत राहावं एवढ्यासाठी असते, कोपरे नुसते अडकवलेले असतात. समजा नाही तुटला, तरी आतल्या कुत्रीला पळायला जागाच नाही अन् जनावर हातभर अंतरावर. त्या एका रात्रीनंतर ती कुत्री पुन्हा क्रेटमध्ये पाय ठेवणार नाही. बिबट्याला कुत्रं हे सोपं खाणं आहे, गावात तो बहुतेक वेळा त्यासाठीच येतो, तेव्हा रात्री कुत्रं बाहेर नसणं हे तुमच्या पोरांसाठीसुद्धा चांगलं आहे.


धानवाली

डॉक्टरसाहेब मनापासून धन्यवाद. आज आतच घेतो. सासूबाईंच्या खोलीले लोखंडी दार आहे, तिथं जमेल. पण आम्ही मोहाले गेलो की दिवसा काय करू? तोवर दोरीनं बांधून ठेवू का खाटेले? अन् क्रेट परत करून टाकू का?


गावचा_पशुवैद्य (भंडारा)

बांधून एकटं ठेवू नका. जी कुत्री महिनोन्महिने खुंट्याला होती तिला एकटीला बांधलं की तेच सगळं परत सुरू होईल, शिवाय खाटेभोवती फिरून गळ्याला फास बसतो. जाता जाता सांगतो, आखूड नाहीतर जड साखळीनं वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं अन् हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, दोन्ही 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याच्या विरोधातल्या कायद्यात कलम 11 खाली गुन्हा आहे. भट्टीवर जे झालं तो गुन्हाच होता.

क्रेट परत करू नका. ऑपरेशन झालं की दहा-बारा दिवस तिला उड्या मारू द्यायच्या नाहीत, तेव्हा लागेल. गाडीतून नेताना लागेल. म्हणून शिकवा, पण तिच्या वेगानं.

मोहाला उजेड पडल्यावर अन् घोळक्यानं जा, वनविभाग दर मोसमात हेच ओरडून सांगतो. अस्वलही त्याच फुलांवर येतं. कुत्रीला जंगलात नेऊच नका. तिला फक्त रेबीजचं दिलंय ना, डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या साथीच्या आजारांचं एकत्र इंजेक्शन येतं ते पण घ्या. डिस्टेंपर कुत्र्यांकडून वाघ-बिबट्यांना लागू शकतो, अन् कुत्र्यांसाठी तर तो अनेकदा जीवघेणाच.


आर्वीची_सून (वर्धा)

धानवाली ताई, तुमचं वाचून राहवलंच नाही. आमचा शेरू पण बांधलेलाच होता, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, त्यामुळं तुम्ही कशातून जाऊन राहिल्या ते मला कळते. तो आज क्रेटमध्ये उताणा झोपतो. मी काय केलं ते सगळं लिहिते, लांब होईल.

पहिली गोष्ट कोणी सांगत नाही ती ही, की आवाज बंद करा. तारेचा क्रेट हलला की खणखणतो, खालचा ट्रे वाजतो, कडी वाजते, अन् चेनवर राहिलेल्या कुत्र्याला लोखंडाचा तोच आवाज नको असतो. शेरू दारापेक्षा त्या आवाजाला भ्यायचा, हे माझ्या दिराच्या लक्षात आलं. आम्ही ट्रेखाली ढेपीचं रिकामं पोतं घातलं, वर गोधडी, कडीला फडकं गुंडाळलं अन् दार सुतळीनं मागं बांधून टाकलं, हलूच नये असं. वरून अन् तीन बाजूंनी जुनं लुगडं टाकलं. क्रेट ओसरीत नको, जिथं माणसं बसतात-झोपतात तिथं ठेवा. तुमच्या बाबतीत सासूबाईंची खोलीच बरी.

मग बरेच दिवस काहीच करायचं नाही. खरंच काही नाही. दार उघडं, क्रेट तिथं पडलेला. जाता-येता उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे आत टाकायचे अन् आपल्या कामाला निघून जायचं, तिला बोलवायचं नाही, बघत उभं राहायचं नाही. तिला वाटलं पाहिजे की या डब्यात आपोआप कलेजी उगवते. रस्स्यातलं देऊ नका, कांदा कुत्र्याला विष आहे, लसूण पण. शिजवलेली हाडं पण नको, फुटून आतड्यात टोचतात.

जेवणाचं भांडं आधी क्रेटच्या तोंडाशी ठेवायचं, मग रोज बोटभर आत. तुम्ही लिहिलं ना की मान लांब करते अन् मागचे पाय बाहेर, म्हणजे ती पळायची तयारी ठेवून खाऊन राहिली. चारही पाय आत घेऊन, मागं वळून न बघता, खाणं झाल्यावरही दोन मिनिटं तिथंच रेंगाळली, असं रोज व्हायला लागलं की मगच दाराची सुतळी सोडायची. त्याच्या आधी दाराला हात पण लावायचा नाही. इथंच सगळे घाई करतात अन् इथंच सगळं फिसकटते.

दाराचं पण तसंच. नुसतं हलवायचं अन् तुकडा द्यायचा. अर्धं लोटायचं, तुकडा, उघडायचं. टेकवायचं, तुकडा, लगेच उघडायचं. कडी सगळ्यात शेवटी. कडी लावल्यावर पाच सेकंद, मग दहा, मग परत तीन, मग पंधरा. रोज वाढतच गेलं की त्यांना समजते की आता जास्तच होणार अन् ते आधीच धास्तावतात, म्हणून मध्ये मध्ये सोपं करायचं. तुम्ही समोर बसलेल्या, मग उभ्या, मग दाराबाहेर जाऊन लगेच परत. ती एकटी राहते ती सगळ्यात अवघड पायरी, तिला वेगळा वेळ द्या.

ओरडायची वाट बघायची नाही. त्याच्या खूप आधी ती सांगते. ओठ चाटते, झोप नसताना जांभई देते, कान मागं घेते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, तुकडा दिला तर तोंड फिरवते. यातलं काही दिसलं की शांतपणे उघडा अन् दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खालून सुरू करा. ढकलून, पाय धरून, रागावून आत घालायचं नाही, कोणीच नाही, घाईच्या दिवशी पण नाही.

अन् आत जाताना पट्टा काढून ठेवा. तारेत अडकून गळफास बसल्याचं आमच्या ओळखीत झालेलं आहे.


पप्पू_वणी

डॉक्टरसाहेब, ताई, हे सगळं मले माहीत नव्हतं, माझा अनुभव पिल्लाचाच आहे. आमच्या मामाकडं पण बांधलेला कुत्रा आहे, त्याले सोडवायचं मनावर घेतो आता. एक विचारू का, क्रेटमध्ये जास्तीत जास्त किती तास ठेवावं?


आर्वीची_सून (वर्धा)

सवय पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसा सलग चार तासांच्या वर नको. रात्री झोपतात तेव्हा जास्त चालते. पिल्लाचं साधारण असं धरतात की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तितके तास लघवी धरू शकते, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास, अन् ते पण प्रत्येकाला जमत नाही. मामांच्या कुत्र्याचं नक्की बघा भाऊ.


फॅब्रिकेशनवाला_गोंडपिपरी

माझं वेल्डिंगचं दुकान आहे, कुत्र्यांचे पिंजरे पण बनवतो म्हणून दोन गोष्टी लिहितो.

36 इंची तिले पुरेल का ते मोजून पाहा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजायचं अन् वीतभर जास्त धरायचं, उंची डोक्याच्या वर चार बोटं. उभी राहता आली पाहिजे, गरकन फिरता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. आपल्या गावरान कुत्र्याले बहुतेक 36 पुरते, पाय लांब असले तर 42 लागते. लोक माझ्याकडं येऊन म्हणतात भाऊ लहानच बनव, स्वस्त पडते. मी बनवत नाही. जाळीचं तळ पण देत नाही, पंजे सोलतात, खाली प्लाय टाकतो. घरी बनवून घेत असाल तर आतून हात फिरवून पाहा, वेल्डिंगचा एक टोक्या राहिला तरी कानस मारून घ्या.

पण खरं सांगायचं ते उन्हाचं. ताई तुमचं घर कौलारू का टिनाचं? आता मार्च आहे म्हणून समजत नाही, एप्रिल-मे मध्ये आपल्या जिल्ह्यात पारा 45 च्या वर जाते अन् टिनाखाली त्याहून जास्त. कुत्र्याले आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकते तेवढंच. बंद क्रेटमध्ये ते उठून सावलीत, मोरीच्या ओलीत, कुठंच जाऊ शकत नाही. कूलर लावून ठेवला अन् लाइन गेली तर? म्हणून उन्हाळ्यात दुपारी घरी माणूस नसताना कडी लावायचीच नाही, सवय झाली तरी नाही. मातीच्या भिंतीची आतली खोली असेल तर ती मोकळी द्या, फरशीवर पाणी शिंपडा, मडक्याचं बूड कापून पाणी ठेवा म्हणजे सांडत नाही. लुगडं टाकलं असेल तर दोन बाजू उघड्या ठेवा, हवा खेळली पाहिजे.

माझ्या घरी दोन कुत्र्या आहेत. एक पिंजऱ्यात झोपते, दुसरीले तो कधीच आवडला नाही, ती आतल्या खोलीत झोपते. दोघी जिवंत आहेत अन् आमच्याकडं पण बिबट येते. मैनाले क्रेट नाहीच जमला तर जीवाले लावून घेऊ नका, पक्की खोली अन् पक्कं दार असलं म्हणजे झालं.


धानवाली

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, मी नवऱ्याले अन् सासूबाईले वाचून दाखवलं.

घर कौलारू आहे भाऊ, पण ओसरीवर टिन आहे, तिथं तर आत्ताच दुपारी बसवत नाही. क्रेट उचलून आत घेतला. मैना पहिल्या रात्री दारापाशी बसून राहिली, मग सासूबाईंच्या खाटेखाली शिरली ती सकाळीच निघाली. आता रोज तिथंच झोपते. रात्री झोपायच्या आधी नवरा टॉर्च घेऊन, दोरी लावून अंगणातच फिरवून आणते, मी दारात उभी राहते. मोहाले आम्ही आता उजडल्यावर चार-पाच घरच्या बाया मिळून जातो, मैना खोलीत, मोठा पोट्टा शाळेच्या वेळेपर्यंत तिच्यासोबत अभ्यास करत बसते.

दात डॉक्टरनं पाहिले, सुळे शाबूत आहेत, हिरडी भरत आहे. दुसरं इंजेक्शन पण दिलं.

पोतं, गोधडी, लुगडं सगळं केलं. सासूबाईंनीच लुगडं दिलं. कलेजीचे तुकडे टाकतो. अजून दार बांधलेलंच आहे, सोडायची घाई नाही. चारही पाय आत टाकून खाते आता, पण खाऊन झालं की झटकन बाहेर. काल पहिल्यांदा दुपारी कोणी नसताना आत जाऊन बसलेली दिसली.

पण एक नवीनच सुरू झालं. ती आत होती अन् लहाना पोट्टा जवळ गेला तर गुरगुरली. आजवर कधी पोट्ट्यांवर गुरगुरली नव्हती. नवरा रागावला तिच्यावर. हे चांगलं का वाईट?


गावचा_पशुवैद्य (भंडारा)

काळजी घ्यायची गोष्ट आहे, घाबरायची नाही. तिनं ती जागा आपली मानली, अन् आत असताना कोणी अंगावर आलं तर तिला निसटायला एकच तोंड आहे, म्हणून ती आधी सांगतेय. गुरगुरण्याबद्दल रागावू नका, मारू तर अजिबात नका. गुरगुरणं बंद झालं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

पोरांना नियम एकच: मैना क्रेटमध्ये नाहीतर खाटेखाली असली की हात घालायचा नाही, वाकून बघायचं नाही, भांडं ओढायचं नाही. लहान्याला कळत नसेल तर मोठं माणूस नसताना दोघांना एका खोलीत ठेवूच नका, अन् मोठाही पोरगाच आहे, सकाळी तो तिच्यासोबत बसतो तेव्हा त्यालाही हा नियम पक्का सांगा. क्रेटचं तोंड पोरांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल तर फिरवून भिंतीच्या कडेला घ्या. चुकून कधी दात लागलाच तर तिला इंजेक्शन दिलंय म्हणून बसून राहू नका, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका.


आर्वीची_सून (वर्धा)

डॉक्टर म्हणतात तेच. अन् त्यात एक जोडते ताई, लहान्याला दुरून कलेजी फेकायला शिकवा. क्रेटपासून दहा-बारा पावलं लांब उभं राहून, तुम्ही सोबत असताना, एक तुकडा टाकायचा अन् तिथून निघून जायचं. आमच्या पुतण्यानं शेरूसोबत असंच केलं, तो येताना दिसला की शेरूची शेपटी आधी हलायची. अंतर कमी करायची घाई नको, मैना स्वतः बाहेर येऊन त्याच्याकडं जायला लागली की समजायचं. ऑपरेशनची तारीख घेतली का? त्याच्या आधी कडीपर्यंत पोचलं नाही तरी चालते, डॉक्टरांना सांगून ती खोलीच छोटी करून घेता येते, खाट बाजूला काढायची म्हणजे उडी मारायला काही उरत नाही.


धानवाली

तारीख मोहाचा मोसम संपल्यावर घेणार, तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आधी, तेव्हा घरी माणूस राहते. लहान्याले आजपासून शिकवते.